रुंद पिसांची आई

आकाशात पतंगांपेक्षा कबुतरं जास्त दिसायची, त्या काळातली ही गोष्ट. बाबालालच्या ढाबळीत कोलांट्या मारणारी कबुतरं होती. पंखाची पिसं अरुंद असली की गिरकी वेगाची. रुंद असली की कबुतर दोनचार कोलांट्यांत सावरायचं. पण सावरणाऱ्यासाठी टाळ्या कोण वाजवणार? बाबालालनं रुंद पिसांची सगळी कबुतरं देऊन टाकली. एक म्हातारी कबुतरी तेवढी ठेवली, अंडी चांगली उबवते म्हणून.

तिचं पिल्लू मात्र बापावर गेलं होतं. पिसं सुरीच्या पात्यासारखी. कोलांट्यांच्या पैजेच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं, "आई, गिरकी सुरू झाली की थांबायचं कसं?"

"पंख पसरायचे, बाळा. हवा पिसांवर अडते."

पिल्लानं पंख पसरले. पिसांच्या फटींतून पलीकडची भिंत दिसत होती.

"उद्या उडू नकोस," आई म्हणाली.

"न उडणाऱ्याला बाबालाल ठेवतो का गं?"

तिनं चोचीनं त्याची पिसं सारखी केली.

दुसऱ्या दिवशी पिल्लू उंचावरून गरगरत खाली येऊ लागलं. "वाहवा!" लोक ओरडले. ते छपरांच्या खाली आलं, तरी टाळ्या चालूच होत्या.

बाबालाल खरोखर रडला. मेलेल्या पिल्लाचा पंख उलगडून त्यानं उन्हात धरला. "काय पीस होतं!" तो म्हणाला.

संध्याकाळी त्यानं म्हातारीखाली नवी अंडी सरकवली, त्याच बापाची. अंडी गार पडली होती, म्हणून ती त्यांच्यावर बसली.