कासारणीचं मनगट

राजांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. डोंगरापलीकडच्या एका नगरात एक कासारीण राहत होती. लाखेच्या बांगड्या ती स्वतः वळायची आणि स्वतःच बायकांच्या हातात भरायची. नगरातल्या प्रत्येक नवरीचा चुडा तिनेच भरलेला. आता तिच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं होतं. हा चुडाही आपल्याच हाताने भरायचा, एवढीच तिची हौस होती.

एके दिवशी विहिरीच्या ओल्या पायरीवरून तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. नगरातला म्हातारा वैद्य शस्त्रक्रियेत वाकबगार. त्याने चीर देऊन हाड जागच्या जागी बसवलं, जखम शिवली. जखम सुकल्यावर तो म्हणाला, "बाई, हाड छान बसलंय. आता मी रोज येईन आणि माझ्या हातांनी मनगट हळूहळू फिरवून मोकळं करीन. थोडं दुखेल, पण तुला सोसेल एवढंच."

कासारणीने हात पदराआड लपवला. "नको हो वैद्यबुवा! उभा जन्म लाख जोडण्यात गेला माझा. सांधा ताजा असताना त्याला हात लावायचा नसतो. पक्का होऊ दे, मग बघू."

"अगं, लाख निर्जीव असते. हा सांधा जिता आहे, हलला नाही तर आखडेल. हाडाला किती पेलेल, ते मी बघतोच आहे ना!"

तिने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. लाखेवर तिचा विश्वास होता हे खरं, पण त्याहून जास्त ती दुखण्याला भ्यायली होती. दुसऱ्यांचे हात दाबताना 'जरा सोस गं' म्हणणं सोपं असतं. वैद्य पुन्हा आला. लेकीनेही विनवलं, "आई, येऊ दे ना त्यांना!" पण आईचं आपलं एकच, "हाड निखळलं तर तुझा चुडा कोण भरणार?"

लग्न जवळ आलं तेव्हा तिने मोठ्या आनंदाने पट्टी सोडली. हाड सरळ जुळलं होतं, पण मनगट वळेना, मूठ मिटेना. आता ती स्वतःच वैद्याकडे धावली. त्याने हात हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "सैल होईल थोडं," तो म्हणाला, "पण फार दिवस लागतील. पहिल्यासारखं होईल, असं मात्र सांगवत नाही."

चुड्याच्या दिवशी तिने हट्टाने पहिली बांगडी हातात घेतली. पण आखडलेल्या हाताने लेकीचा हात नीट दाबता येईना, आणि बांगडी तिच्या अंगठ्याच्या हाडावर अडकली. कासारणीने जोर केला, तशी लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईने बांगडी काढली आणि परगावाहून आलेल्या दुसऱ्या कासारणीपुढे धरली. "तूच भर गं."

"मला नाही दुखलं, आई," लेक म्हणाली.

"मला दुखायला हवं होतं, बाळ," आई म्हणाली. "तेव्हाच."

लहानथोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: वेळेवर थोडं दुखणं सोसायला जो कचरतो, त्याला पुढे जन्मभर हळहळ सोसावी लागते.