कोऱ्या वाट्यांचं नगर

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा मनगटावर घड्याळ बांधायची रीत नव्हती, भिंतीवरही घड्याळ नव्हतं. वेळ पाण्यावर मोजायचे.

कसा, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तांब्याची एक पातळ वाटी असायची. तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. ती पाण्याच्या घंगाळात तरंगत सोडायची. भोकातून हळूहळू पाणी आत यायचं, वाटी भरायची आणि बुडायची. बुडाली की एक घटिका झाली. काढा, ओता, परत सोडा. लग्नाचा मुहूर्त, पाटाच्या पाण्याची पाळी, औषधाची वेळ, सगळं त्या वाटीवर चालायचं.

एका नगरात एक तांबट होता. त्याच्या हातची वाटी म्हणजे वाटी! कडेला वेलबुट्टी, बुडाशी कमळ, आणि घटिकेत तिळाएवढा फरक नाही. आया लेकींना लग्नात द्यायच्या. घरोघरी एक तरी होतीच.

मग नगरशेठला खूळ लागलं. त्यानं एक नवी वाटी आणली आणि पाण्यात सोडलीच नाही. लाल मखमलीवर ठेवली आणि आल्यागेल्याला दाखवत बसला. एक पाहुणा म्हणाला, "पाण्याला लागलेली नाही? मग दुप्पट देतो." झालं! शेठनं ती तिथल्या तिथे विकली, आणि त्या दिवसापासून नगराची मती फिरली.

पाण्याला न लागलेल्या वाटीला 'कोरी वाटी' म्हणायला लागले. कोरीला भाव चढला. पाण्याचा एक डाग दिसला, कळंकाचा एक हिरवा ठिपका दिसला, की भाव निम्मा. लोक सकाळी घ्यायचे आणि दुपारी विकायचे. ज्याच्या घरी पाच कोऱ्या वाट्या, तो मोठा माणूस. नगरशेठच्या कपाटात चाळीस होत्या, म्हणजे बघा.

तांबटही काही भोळा नव्हता. वाट्या कमी काढल्या की जास्त भाव येतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग तो पौर्णिमेच्या पौर्णिमेला एकच वाटी बाहेर काढायला लागला. ती कुणाला द्यायची? तो म्हणायचा, "आधी माझ्याकडून चार हंडे घ्या, दोन पराती घ्या. मग नाव लिहितो. मग बघू." लोकांनी हंडे घेतले. एकेका घरात इतके हंडे झाले, की माणसांना पाय पसरायला जागा राहिली नाही आणि भरायला विहिरीत तेवढं पाणीही नव्हतं.

आणि जुन्या, वापरातल्या वाट्या? त्यांचं काय झालं ते ऐका. शेठनं त्या मोडीपेक्षा थोडं जास्त देऊन गोळा केल्या आणि वितळवून टाकल्या. नगरात वाट्या जितक्या कमी, तितका त्याच्या कपाटाचा तोरा जास्त. चावडीवरची वाटीसुद्धा गेली. "चावडी रंगवून देतो," म्हणाला. पाटलांनी वाटी देऊन टाकली. चावडीवरचे घटिकेचे टोल बंद झाले. इतक्या वाट्यांच्या नगरात दिवस किती वर आला हे सांगणारं कुणी उरलं नाही. लोक सूर्याकडे बघायचे आणि दिवस काढायचे.

त्या नगरात एक कोष्टीण राहायची. नवरा लुगडी घेऊन दूरच्या बाजाराला गेलेला. घरात ती, तिचा माग आणि दीड वर्षाची मुलगी.

एके सकाळी मुलगी तापानं फणफणली. डोळे फिरवायला लागली. कोष्टिणीनं वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी नाडी बघितली, मात्रा उगाळली, मधातून पहिलं चाटण दिलं आणि म्हणाले, "असली सात चाटणं द्यायची. दोनदोन घटिकांच्या अंतरानं. नीट ऐक, बाई. आधी दिलंस तर हेच औषध जहर होईल. उशीर केलास तर ताप डोक्यात जाईल. मागच्या महिन्यात कुंभाराघरचं मूल असंच गेलं. अंदाजानं दिलं त्यांनी."

"अहो, पण मी मोजू कशावर?" ती म्हणाली. "आठ दिवस झाले, आभाळ दाटलंय. सूर्य कुठाय? तुमची वाटी द्या."

वैद्यबुवांनी मान खाली घातली. "माझी मी विकली गं. भाव चांगला आला होता."

कोष्टिणीनं शेजारच्या म्हाताऱ्या सुईणमावशीला हाक मारली, मुलगी तिच्या मांडीवर दिली आणि चिखलातून पळत सुटली.

शेठ ओसरीवर बसला होता. शेजारी परगावचा एक गिऱ्हाईक. दोघांच्या मध्ये मखमलीवर वाटी.

"शेठ, पोर तापलीय," कोष्टीण धापा टाकत म्हणाली. "एक दिवसापुरती एक वाटी द्या. संध्याकाळी चिंचेनं लखलखीत घासून आणून देते."

"घासून?" शेठनं वाटी पोटाशीच धरली. "अगं, घासलेली वाटी कोण घेईल?"

गिऱ्हाईक हसला. "बाई, ही काय आमटीची वाटी आहे?"

"नाही ना? वेळ मोजायचीच आहे ना? मग मला वेळच मोजायचाय."

"मोजायची होती," शेठ म्हणाला. "आता ठेवायची आहे. तुला त्यातलं कळायचं नाही."

आतून शेठाणी म्हणाली, "अहो, द्या की एक. चाळीस आहेत."

"तू आत बस. एक भिजली की उरल्या एकोणचाळीस. त्या एकीचा भाव कोण भरून देणार?"

"माझा माग गहाण ठेवते," कोष्टीण म्हणाली.

"तुझा माग घेऊन मी काय लुगडी विणू? जा, तांबटाकडे जा."

बघा, कसं बोलला! दाराशी आई उभी आहे, घरात लेकरू तडफडतंय, आणि हा तांब्याच्या तुकड्याला पोटाशी धरून बसलाय. देवानं हात दिले ते यासाठी?

कोष्टीण तांबटाकडे पळाली.

तांबट म्हणाला, "नाव लिहितो. पुढच्या वर्षी चैत्रात बघू. तोवर चार हंडे..."

"हंडे घाल तुझ्या डोक्यात!" कोष्टीण ओरडली. तिची नजर वर गेली. माळ्याच्या फळीचं दार अर्धं उघडं होतं आणि आत वाट्यांच्या ओळीच्या ओळी. "मग त्या काय झोपा काढतायत तिथे?"

तांबटानं घाईघाईनं काठीनं दार लोटलं. "त्या दाखवायच्या नसतात. दिसल्या की भाव पडतो."

तो पुढे काही बोलायच्या आत ती शिडीवर चढली. दार उघडून एक वाटी उचलली आणि खाली येऊन त्याच्याच पाण्याच्या कुंडीत सोडली. म्हणाली, "भाव पडू दे. घे, ही झाली माझी."

वाटी तरंगली. बदकासारखी छान तरंगली. कोष्टीण वाकून बघत राहिली. आत पाण्याचा थेंब नाही. तिनं बोटानं हलवली, तरी नाही. उचलून उजेडाकडे धरली. बुडाला भोकाच्या जागी सुईनं नुसतं टिंब काढलं होतं.

"हे काय?"

तांबट मटकन खाली बसला. "बाई, भोक पाडलं की काम संपत नाही. पाण्यात सोडून बघावं लागतं. लवकर बुडाली तर ठोकून बारीक करायचं, उशिरा बुडाली तर सुईनं मोठं करायचं. तीनतीन दिवस पाण्यात जातात, तेव्हा कुठे घटिका बरोबर येते. आणि लोकांना तर पाण्याला न लागलेली हवी. मग भोक पाडू कशाला?"

"किती वर्षं?"

"सहा."

"आणि कुणाला कळलं नाही?"

"पाण्यात सोडतंय कोण?"

कोष्टिणीनं ती वाटी भिंतीवर अशी भिरकावली, की कमळासकट चेपली. आता भांडायलाही वेळ नव्हता. ती रडत, शिव्या देत घरी पळाली. दोन घटिका होऊन गेल्या की व्हायच्यात, तिला कळेना. चाटण देऊ की नको? दिलं तर जहर, नाही दिलं तर ताप. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

उंबऱ्यात पाय ठेवला, तर सुईणमावशीनं हात वर करून तिला गप्प केलं. मावशीच्या मांडीवर मुलगी, समोर पाटावर चिंचोके. मावशी डोळे मिटून संथ श्वास घेत होती, ओठ हलत होते. थोड्या वेळानं तिनं पाटावर आणखी एक चिंचोका ठेवला. बारा झाले. डोळे उघडून म्हणाली, "दे आता दुसरं."

"मावशी, कशावरून?"

"शांत माणसाचे तीनशे साठ श्वास म्हणजे एक घटिका. साठ श्वासांना एक चिंचोका. बारा चिंचोके, दोन घटिका. वैद्य उठल्यापासून मोजतेय. बाळंतिणीपाशी बसून आयुष्य गेलं माझं, तिथे कुठली आलीय वाटी!"

"मग पुढचं मी मोजते."

"तू नको पोरी. तुझा श्वास बघ कसा धावतोय. तू मोजलंस तर औषध आधीच जाईल. तू नुसती तिला धर."

मावशी दमली तेव्हा कुंभारीण बसली. तिचं लेकरू गेलं होतं, तरी बसली. मग तेलीण, मग गुरवीण. गल्लीत कुणी मोठ्यानं बोललं नाही, कुणी जातं ओढलं नाही. बारा चिंचोके, चाटण. बारा चिंचोके, चाटण. सातव्या चाटणानंतर मुलीला घाम फुटला. तिनं डोळे उघडले आणि पाटावरचा चिंचोका तोंडात घालायला बघितला. सगळ्या बाया एकदम हसल्या आणि एकदम रडल्या.

बाजाराच्या दिवशी शेठनं चावडीवर तक्रार नेली. "या बाईनं तांबटाची कोरी वाटी भिजवली आणि बिनभोकाची म्हणून बोंब मारली. आता गिऱ्हाईक माझ्या दारात फिरकत नाही. माझं नुकसान भरून द्या."

कोष्टीण लेकीला कडेवर घेऊन उभी राहिली. "मी खोटं बोलत असेन, तर आणा घंगाळ. आणा तुमच्या चाळीस वाट्या. बुडू देत."

शेठ पाटलांकडे वळला.

"आणा की! एक तरी बुडेल. बुडाली तर मी जन्मभर तुमच्या घरी फुकट लुगडी विणीन."

परगावचा गिऱ्हाईक म्हणाला, "बरोबर आहे. बघितल्याशिवाय आता मीही घेणार नाही."

घंगाळ आलं. वाट्या आल्या. शेठनं पहिली सोडली. तरंगली. दुसरी तरंगली. एकात मावेनात, म्हणून चार घंगाळं आणली. चाळीसच्या चाळीस वाट्या एकमेकींना टेकून किणकिणत राहिल्या आणि एकीच्याही पोटात पाणी शिरलं नाही.

"तू मला फसवलंस!" शेठ तांबटावर धावला.

तांबट म्हणाला, "शेठ, तुम्ही मागितलं तेच मी दिलं. वेळ दाखवणारी वाटी सहा वर्षांत कुणी मागितलीच नाही."

पाटील उठले. म्हणाले, "चावडीची वाटी मी दिली. पहिला दोष माझा." मग त्यांनी निवाडा दिला. शेठच्या वाट्या मोडीत, वजनावर गेल्या. तांबटाला चावडीपुढे बसवलं. त्यानं गल्लीगल्लीला एक वाटी करायची, सगळ्यांच्या देखत तीन दिवस पाण्यात पारखायची, आणि एक पैसा घ्यायचा नाही. ज्यांनी ज्यांनी घरात वाट्या दाबल्या होत्या, ते रिकामे हंडे मोजत बसले. कोरी वाटी म्हणून कुणी दाखवली, तर रस्त्यातली पोरंसुद्धा हसायची.

जाताना शेठ कोष्टिणीला म्हणाला, "झालं गेलं विसर, बाई. पोर वाचली ना?"

कोष्टीण म्हणाली, "वाचली. पण ती माझ्या मांडीवर जळत होती, तेव्हा तुम्ही वाटीवर डाग पडेल म्हणून भीत होतात. मी नाही विसरणार. तुम्हीही विसरू नका."

आणि लेकीला घेऊन, मागे न बघता, ती मागावर बसायला गेली.

बोध: गरजेची वस्तू अडवून ठेवून जो तिचा भाव वाढवतो, तो दुसऱ्याच्या आयुष्यातला वेळ चोरतो.