पाण्याच्या पाळीचा दोर

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, दरबार होते आणि गावोगाव भांडणं होती. म्हणजे आजच्याहून फार वेगळं काही नव्हतं.

एका गावात नदीतून काढलेला एकच पाट होता. साऱ्या गावाची शेतं त्याच्यावर पाळीपाळीनं भिजत. कुणाची पाळी झाली आणि कुणाची राहिली, हे फक्त पाटकऱ्याच्या, म्हणजे पाटाची दारं उघडणाऱ्या माणसाच्या डोक्यात असे. त्याची स्मरणशक्ती दांडगी होती. फक्त ज्याच्या घरी तो जेवून येई, त्याची पाळी होऊन गेल्याचं तेवढं त्याला आठवत नसे.

त्याच गावात अंबाडीचे दोर वळणारा एक कारागीर होता. सगळ्यांची आठवण एकाच डोक्यात का ठेवायची, हे कोडं त्याला सुटेना. ती घरोघर ठेवली तर?

त्यानं युक्ती काढली. प्रत्येक घरी एकसारखा दोर. एखाद्या शेताची पाळी संपली की पाटकऱ्यानं शिंग फुंकून त्या शेताचं नाव पुकारायचं आणि घरोघरी त्या शेताच्या रंगाचा धागा घालून गाठ मारायची. प्रत्येक गाठीत मागच्या गाठीचं शेपूट अडकवायचं. मधली एक गाठ सोडायची तर तिच्यानंतरच्या सगळ्या सोडाव्या लागत. आणि कुणी तेही केलं, तरी इतरांच्या दोरांशी त्याचा दोर जुळणार नाही.

कारागीर दोर घेऊन राजाकडे गेला. दरबार खूष झाला. या दोरानं हत्ती मोजता येतील का, लग्नं जुळवता येतील का, पाऊस बांधून ठेवता येईल का, यावर तिथं बराच खल झाला. शेवटी कारागिराला शाल मिळाली आणि रेशमी गोंड्यांचे दोर प्रत्येक कचेरीत टांगले गेले. त्यांत गाठ मात्र कुणीच मारली नाही.

"शाल बरी आहे," कारागिराची बायको म्हणाली. "दोर कोण वापरतंय?"

घरोघर वाटलेल्या दोरांचं काय झालं, हे बघायला कारागीर गावात निघाला. एका घरी त्याचा दोर म्हशीच्या गळ्यात होता. दुसऱ्या घरी त्यावर धोतर वाळत होतं. पाटाच्या अगदी टोकाला एका म्हातारीचं वांग्याचं शेत होतं. तिनं त्याला बसवून घेतलं.

"आजी, तुम्ही का नाही वापरत?"

"अरे बाबा, तुझी गाठ मारायला दोन हात, एक पाय आणि दात लागतात. माझे दात कधीच गेले."

कारागीर हसला, पण घरी येऊन कामाला लागला. आंधळ्यालाही मारता येईल अशी गाठ त्यानं शोधली. हळूहळू घरोघर दोर वापरात आले. भांडणं थांबली. पाटकऱ्याला जेवायला बोलावणं मात्र अजून एका सधन घरून येई.

एका उन्हाळ्यात म्हातारी चावडीवर आली. "माझ्या शेताला पाणी आलं नाही. वांगी माना टाकताहेत. आता पुढच्या पाळीपर्यंत थांबले तर हाती काही लागायचं नाही."

लोकांनी आपापले दोर आणले. सगळ्यांत म्हातारीच्या रंगाची गाठ होती. एकही दोर वेगळं बोलत नव्हता.

"पाळी झालीय, आजी," लोक म्हणाले. "दोर खोटं बोलत नाही."

"मग वांगी खोटं बोलतात वाटतं."

सगळे दोर जुळलेले पाहून कारागिराला क्षणभर अभिमानच वाटला. मग त्याचं कुतूहल जागं झालं. तो उठून म्हातारीच्या शेतात गेला, मागोमाग गावही गेलं. त्यानं वाफा कोपरभर उकरून पाहिला. माती कोरडी ठणठणीत होती.

"शिंग कुणी फुंकलं?" त्यानं विचारलं.

"मीच," पाटकरी म्हणाला. "पाणी मधल्या शेतात जरा रेंगाळलं. तिथले मालक जेवायचा फार आग्रह करतात हो."

"आणि पाणी पोचलेलं कुणी पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी घरात बसून, शिंग ऐकून, अगदी पक्की गाठ मारली होती.

"ती गाठ सोडू या," एकजण म्हणाला.

"आज ही सोडली, तर उद्या तुमची सोडतील," कारागीर म्हणाला. "ती राहू द्या. तिच्यापुढे उलटी गाठ मारा, म्हणजे मागची खोटी होती हे दोरावरच दिसेल. दोर जुळले यावरच मी खूष होतो. चूक माझी. आजपासून शिंग पाटकऱ्याकडे नको. ज्याचं शेत भिजलं त्यानं फुंकायचं, तेही शेजाऱ्यानं ओल्या वाफ्यात पाय घालून पाहिल्यावर."

त्याच संध्याकाळी पाणी टोकापर्यंत गेलं. म्हातारीचा शेजारी घोट्यापर्यंत चिखलात उभा राहिला आणि म्हातारीनं आयुष्यात पहिल्यांदा शिंग फुंकलं. सूर फारच बेसूर होता, पण घरोघर गाठी पडल्या. अर्धी वांगी वाचली. पाटकऱ्याकडे दारं राहिली, शिंग गेलं, आणि जेवणाची आमंत्रणं आपोआप बंद झाली.

तात्पर्य: एकदा मारलेली गाठ सुटणार नसेल, तर ती मारण्याआधी खरं काय ते चारचौघांनी स्वतः जाऊन पाहावं, नाहीतर खोटंच पक्कं होऊन बसतं.