गेलेल्या घटका

"माझ्या दिवसातल्या घटका चोरीला जातायत, आणि चोर माझ्याच देवडीवर बसलाय!" राजा भुजंगराव दरबारात गरजला. देवडीवर घटिकापात्र सांभाळणारा रखमाजी हात जोडून पुढे आला.

महाराजांना रोज तिसऱ्या प्रहरी सोंगट्या लागत. उन्हाळ्यात डाव रमतगमत संपायचा. मार्गशीर्ष लागला आणि डाव रंगात असतानाच प्रहराचा टोल पडू लागला. तळाला भोक असलेलं ते तांब्याचं पात्र पाण्यात बुडलं, की एक घटका. महाराजांनी माणूस बसवून मोजणी केली, तर प्रहरात पात्र उन्हाळ्यापेक्षा कमी वेळा बुडत होतं. प्रहर म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा चौथा हिस्सा आणि थंडीत दिवसच आखडतो, हे अख्ख्या दरबाराला ठाऊक होतं. पण महाराजांना चूक दाखवणार कोण? सगळे आपापल्या पागोट्यात दडले.

"गेलेल्या घटका उद्या परत आण, नाहीतर तुरुंगात जा," महाराजांनी रखमाजीला फर्मावलं.

रखमाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. ऐकून त्याची लेक भिवरी आधी खुदकन हसली. मग बापाचे डोळे भरलेले दिसले आणि तिचं डोकंच फिरलं.

"बाबा, उद्या मी येते. तुम्ही फक्त गप्प बसा."

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. "महाराज, चोरीचा माल सापडला."

"कुठे?"

"आपल्या शयनगृहात."

महाराज गादीवरून अर्धे उठले.

"दिवसाच्या प्रहरांतून गेलेल्या घटका रात्रीच्या प्रहरांत जाऊन बसल्यात," भिवरी म्हणाली. "दिवस-रात्र मिळून बेरीज उन्हाळ्यात होती तीच आहे. माझा बाप त्या घटका देवडीवर कुडकुडत जागून काढतो. आपण मात्र उजाडल्याचा टोल पडेपर्यंत झोपता. मग महाराज, त्या पांघरून कोण निजतं?"

राजाची मिशी थरथरली. "मग काढ त्या तिथून!"

"जशी आज्ञा. उद्यापासून अंधारातच आपली दुलई ओढते. समईच्या उजेडात खुशाल सोंगट्या खेळा. आंघोळीला मात्र विहिरीचं पाणी. त्या वेळी बंब पेटलेला नसतो."

महाराजांनी बाहेरच्या धुक्याकडे पाहिलं आणि शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"नको, असू देत तिथेच. सुखात आहेत." आणि ते असे हसले, की दरबारालाही हसायची मुभा मिळाली. "रखमाजीला सोडा. माल माझ्याकडे निघाला, तर शिक्षाही मलाच. माझी दुलई जप्त करून त्याला द्या, सोबत निखाऱ्यांची शेगडी. या पोरीला सोन्याचं कडं."

मग त्यांनी हळूच कारभाऱ्याला जवळ बोलावलं.

"आणि मला संध्याकाळच्या आत दुसरी दुलई."