दोन बोटं मोकळीक

घाटाच्या पायथ्याला एका गावात एक मिस्त्री होता. शिदू त्याचं नाव. पंचवीस वर्षं त्याने चिंचेखाली जुन्या गाड्या दुरुस्त केल्या. नुसता आवाज ऐकून तो गाडीचं दुखणं सांगायचा. काम पुरं झालं की कसलेल्या नटावर तो लाल रंगाचा एक ठिपका लावायचा. तो ठिपका म्हणजे शिदूचा शब्द. गावात दुसरं कुणी तसा ठिपका लावत नसे.

मग रस्त्याच्या पलीकडे दस्तगीर नावाचा नवा मिस्त्री आला. बाजीनानांनी त्याला आपल्या जागेत पत्र्याची शेड घालू दिली. दस्तगीर कमी बोलायचा आणि काम नीट करायचा. हळूहळू चार गाड्या तिकडे थांबू लागल्या.

शिदूला काम कमी पडलं नव्हतं. पण त्याची नजर हातातल्या पान्यावर ठरेना. पारूबाईच्या टपरीवरून चहाचे किती ग्लास पलीकडे जातात, ते तो मोजत बसायचा. तिकडे सहा ग्लास गेले की इकडे त्याचा चहा कडू व्हायचा.

"शिदूदादा, साखर रोजच्याइतकीच घातलीय हो," पारूबाई म्हणायची. "कडू दुसरंच काही असंल."

बाजीनानांची एक जुनी जीप होती. टेकावरच्या वाडीला तेवढी एकच गाडी जायची. दूध, दळण, आजारी माणूस, सगळं तिच्यातूनच. उन्हाळ्यात तिची क्लच प्लेट झिजली. नानांनी ती दस्तगीरकडून बदलून घेतली. शिदूच्या ते फार जिव्हारी लागलं. इतकी वर्षं त्या जीपला दुसऱ्याचा हात लागला नव्हता.

पंधरा दिवसांनी नाना चिंचेखाली थांबले.

"शिदू, क्लचचं पेडल जरा ढिलं वाटतंय बघ. सुरुवातीला नुसतंच खाली जातं."

तसं जायलाच हवं होतं. क्लचला थोडी मोकळीक ठेवावी लागते. पेडल दोन बोटं नुसतं खाली जावं, मग पायाला जोर लागावा. शिदूच्या उस्तादाने त्याला पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. शिदूने नानांना एवढं सांगितलं असतं, तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्याने पलीकडच्या शेडकडे बघितलं.

"नव्या माणसाच्या हाताला जोर कुठला, नाना? ढिलंच सोडणार."

त्याने केबलचा नट कसला. आणखी कसला. मोकळीक पार संपली. मग वर लाल ठिपका लावला.

"हां, आता कसं टणक लागतंय!" म्हणत नाना खूश होऊन गेले.

महिना गेला. एका सकाळी जीप वाडीच्या चढाला अडली. इंजिन नुसतं गुरगुरायचं, चाकं जागची हलेनात. जळका वास सुटला. दुधाच्या किटल्या माणसांना डोक्यावरून खाली आणाव्या लागल्या. जीप उतारावरून ढकलत चिंचेखाली आणली.

"क्लच पकडत नाही," शिदू वास घेऊनच म्हणाला. आणि त्याच्या मनाला आतून गुदगुल्या झाल्या.

क्लच पकडेनासा झाला की आधी पेडल दाबून बघायचं, मग केबल बघायची, आणि सगळ्यात शेवटी गिअरबॉक्स उतरवायचा. "आधी पाय, मग हात," असं उस्ताद सांगायचा. शिदूने त्या दिवशी पायाकडे बघितलंच नाही. त्याला दस्तगीरने घातलेली प्लेट बाहेर काढायची होती. चार माणसांसमोर.

"हलका माल घातला असणार," तो पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला.

नाना संतापले. "माझ्या जागेत राहून मलाच फसवतो? आत्ता आणतो त्याला इथं. त्याची प्लेट खराब निघाली, शिदू, तर शेड आजच उचलायला लावतो." आणि ते रस्ता ओलांडून गेले.

शिदू जीपखाली शिरला. केबल दुसऱ्या टोकाकडून सोडवली, गिअरबॉक्स उतरवला, प्लेट हातात घेतली. उजेडात धरली. प्लेट जाड होती. तेलाचा थेंब नव्हता. तापून वरून थोडी काळवंडली होती, एवढंच. इतकी चांगली प्लेट त्याने स्वतःही घातली नसती.

मग त्याची नजर केबलच्या नटाकडे गेली. नट पार आट्यांच्या टोकाला गेला होता. त्यावर लाल ठिपका होता.

केबल इतकी ओढलेली, म्हणजे महिनाभर जणू कुणीतरी पेडलवर पाय ठेवूनच बसलं होतं. क्लच पकडणार कसा? प्लेट घसरणार, तापणार, जळणार.

त्याच्या हातात रॉकेलचा बोळा होता. एकदा पुसलं की ठिपका गेला असता. चार फेरे नट ढिला केला की कुणाला काही कळलं नसतं. संध्याकाळपर्यंत समोरची शेड रिकामी झाली असती. शिदूने बोळा नटापर्यंत नेला.

तेवढ्यात नाना दस्तगीरला घेऊन आले. दस्तगीर खाली वाकला. त्याने प्लेट बघितली, मग केबल बघितली. त्याची नजर लाल ठिपक्यावर थांबली. शिदूच्या हातातल्या बोळ्यावरही थांबली. मग तो सरळ उभा राहिला.

"बोल की आता!" नाना ओरडले.

"प्लेट मीच घातली, नाना," दस्तगीर म्हणाला. "बाकी शिदूदादा सांगतील. ते म्हणतील ते खरं."

शिदू वाट बघत राहिला. दस्तगीर भांडला असता तर बरं झालं असतं. मग शिदूलाही भांडता आलं असतं.

पारूबाई ग्लास घेऊन आली होती. "बोला की, दादा. चहा निवतोय."

शिदूने बोळा बाजूला टाकला. जीपखालून बाहेर आला.

"नाना, प्लेट चांगली आहे. तो नट बघा. वर ठिपका कुणाचा?"

नानांनी वाकून बघितलं. "तुझा की."

"मग दोषही माझाच. दोन बोटं मोकळीक ठेवायची असते. ती मी खाल्ली."

"का रे? घरात भाकरी नव्हती?" नाना म्हणाले. जमलेली माणसं हसली.

शिदूचे कान तापले. पण तो मागे हटला नाही. "याच्या शेडकडे बघत नट कसला, नाना. नटाकडे बघितलंच नाही."

मग कुणी हसलं नाही. नानांनी टोपी सारखी केली. दस्तगीरकडे न बघताच ते म्हणाले, "शेड आहे तिथं राहू दे तुझी."

दस्तगीरने बाह्या सारल्या आणि गिअरबॉक्सचं दुसरं टोक धरलं.

"उचला, दादा. एकट्याने नाही बसायचा हा."

दोघांनी मिळून प्लेट पॉलिश पेपरने घासली, बसवली, केबल लावली, नट ढिला केला. शिदूने पेडलवर हात ठेवला. दोन बोटं मोकळं, मग जोर. दस्तगीरने लाल रंगाचा डबा पुढे केला. शिदूने पेडल आणखी एकदा दाबून बघितलं, मगच ठिपका लावला.

संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला जीप वाडीचा चढ एका दमात चढली.

त्यानंतर काही गाड्या खरंच पलीकडे गेल्या. काही चिंचेखालीच राहिल्या. शिदूचा डोळा अजूनही कधीकधी चहाच्या ग्लासांकडे जायचा. तेव्हा तो स्वतःशीच म्हणायचा, "शिदू, पेडलवरचा पाय काढ." आणि हातातल्या कामाकडे वळायचा.

तात्पर्य: मत्सर म्हणजे पेडलवर विसरलेला पाय. ज्याचा हेवा करतो त्याचं त्याने काही अडत नाही, आपलीच प्लेट जळते. म्हणून दुसऱ्याचं बरं व्हायला आपल्या मनात दोन बोटं मोकळीक ठेवावी.