सराफाचे रिव्हॉल्व्हर आणि कासाराच्या वहाणा

एकदा एक सराफ आपल्या वृद्ध गुरूंकडे एक बिघडलेली वस्तू घेऊन आला. वस्तू तशी केव्हाच दुरुस्त झाली होती. बिघडलेला राहिला होता तो सराफ.

त्याचे गाव घाटाच्या पायथ्याशी होते आणि आठवड्याचा बाजार खिंडीपलीकडच्या गावात भरे. गाडीरस्ता अजून व्हायचा होता, त्यामुळे कासार, धनगर, घोंगड्या विकणारे असे सगळे पायीच खिंड ओलांडत, आणि सराफही त्यांच्याबरोबर असे. पलीकडच्या गावात त्याची थोरली बहीण राहायची. आईच्या माघारी तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. आता ती एकटी होती आणि डोळ्यांनी जवळजवळ अधू झाली होती. बाजार उरकून तो तिच्याकडे जेवायला जाई, पण दिवस कलायच्या आत सोबतीची मंडळी निघायला हाका मारीत आणि बोलणे अर्ध्यावर टाकून त्याला उठावे लागे. त्याची त्याला फार चुटपुट लागे.

म्हणून त्याने रीतसर परवाना काढला आणि एक रिव्हॉल्व्हर घेतले. दुकानात होती त्यांतले सर्वांत हलके त्याने निवडले. कंबरेला असूनही नसल्यासारखे वाटावे, अशी त्याची अट होती. रक्षण हवे पण ओझे नको, अशी ही अट. आपण देवालाही साधारण हीच अट घालतो.

त्यानंतर सराफाने सोबत सोडली. मंडळी निघून गेली तरी तो बहिणीच्या ओट्यावर निवांत बसून राही. ती त्याच्या पेटीतले दागिने बोटांनी चाचपून नक्षी ओळखे, आईच्या आठवणी काढी, पुन्हा एकदा चहा टाकी. दिवेलागणीला तो उठे आणि एकटाच खिंड चढून घरी येई. त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत गोड संध्याकाळी त्या हलक्या रिव्हॉल्व्हरने त्याला दिल्या होत्या, आणि तो त्याचे उपकार विसरला नव्हता. दर खंडेनवमीला तो ते घरीच पाटावर मांडी, वर तेल सोडी, मूठमूठ हळदकुंकू वाही. चालवून मात्र त्याने ते एकदाही पाहिले नव्हते.

एके संध्याकाळी खिंडीत वाटेवरच तरस उभे होते. सराफाने रिव्हॉल्व्हर काढले, हवेत रोखले आणि चाप ओढू लागला. चाप हलेना, गोळ्यांचे चाक फिरेना. तरसाने थोडा वेळ त्याची ही खटपट पाहिली आणि ते आपल्या वाटेने निघून गेले. सराफ मात्र कितीतरी वेळ जागचा हलला नाही.

कारागिराने रिव्हॉल्व्हर खोलले तेव्हा आतून तेलात घट्ट झालेल्या हळदकुंकवाचे थर निघाले. एवढी पूजा आमच्या खंडोबाचीही होत नाही, असे म्हणत त्याने सगळे साफ केले, सराफासमोर गोळ्या झाडून दाखवल्या आणि आता बिनघोर वापरा म्हणून सांगितले. पण तो बिनघोरपणा काही दुरुस्त होऊन आला नाही. सराफ उंबऱ्याबाहेर पाऊल टाकी आणि कंबरेला हात लावून परत फिरे. बहिणीला तो कासाराबरोबर निरोप धाडी, गुडघा दुखतोय म्हणून. संध्याकाळ झाली की तो आपल्या ओसरीवर खिंडीकडे तोंड करून बसे. ती आता चहा टाकत असेल, हे त्याला इतके स्पष्ट दिसे की त्याचे डोळे भरून येत.

अखेर खंडेनवमीच्या सकाळी तो गुरूंच्या मठात गेला. त्या मठाची एक रीत होती. आसपासचे सगळे कष्टकरी आपली हत्यारे तिथे पूजेला आणीत, आणि पाटावर ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या हत्याराची खोड सर्वांदेखत सांगायची असे. धनगराने कातर ठेवली आणि दमट हवेत तिचे डावे पाते लोकर धरते असे सांगितले. कासाराने बांगड्यांची पेटी ठेवली. तिची कडी उतारावर आपोआप निसटते, म्हणून तो उतरताना पेटी पोटाशी धरतो. गुरूंनी स्वतःचा कोयता ठेवला आणि त्याचा दांडा फिरतो हे सांगताना अंगठ्यावरचा जुना वण दाखवला.

सराफाने गोळ्या काढलेले रिव्हॉल्व्हर पुढे केले. याचा आता भरवसा वाटत नाही, एवढेच तो म्हणाला.

"ही तुझी खोड झाली," गुरू म्हणाले. "याची सांग."

सराफाला ती सांगता आली नाही. तेव्हा गुरूंनी रिव्हॉल्व्हर त्याच्या ओंजळीत परत ठेवले. मग ते उठले, दाराबाहेर गेले आणि कासाराच्या धुळीने भरलेल्या वहाणा आत घेऊन आले. रिव्हॉल्व्हरसाठी सोडलेल्या जागी त्यांनी त्या ठेवल्या आणि त्यांना हळदकुंकू वाहिले. कासार ओशाळून उभाच राहिला. सराफाच्या तर कानशिलांपर्यंत संताप चढला.

मंडळी पांगल्यावर गुरूंनी त्याला जवळ बसवून घेतले. "बाबा," सराफ म्हणाला, "मला ते पूर्वीचं चालणं परत द्या. अक्काकडे जाण्यासाठी जीव तुटतो माझा."

"जे परत मागतोस तो विश्वास होता का, बघ जरा," गुरू म्हणाले. "माझा कोयता मला एकदा लागला आहे, म्हणून तो कुठे फिरतो हे मी जाणतो. त्या जाणण्याला विश्वास म्हणतात. तू रिव्हॉल्व्हर कंबरेला लावलंस आणि भीती विसरलास. तसं विसरणं एकदा मोडलं की कुठलाही कारागीर ते सांधू शकत नाही. ते चालणं गेलं. त्याची हुरहूर मनात राहील, ती राहू दे. हे शस्त्र टाकूनही देऊ नकोस. चालवून बघ, स्वच्छ ठेव, त्याची खोड कळली की पुढच्या वर्षी घेऊन ये, मी स्वतः पूजा करीन. पण मला एक सांग, हे घेण्याआधी इतकी वर्षं खिंड कशाच्या बळावर ओलांडलीस?"

सराफाला ती जुनी वाट आठवली. पुढे पेटी पोटाशी धरून उतरणारा कासार, मागे धनगराचा खोकला, झऱ्यापाशी उगीचच होणारा उशीर, ज्याच्यावर तो नेहमी चिडायचा. भीती तेव्हाही होतीच, पण ती सगळ्यांत वाटली गेलेली होती. तो उठला आणि त्याने कासाराचे घर गाठले. उद्या मी बरोबर येऊ का, हे विचारताना त्याला लाज वाटली. कासार म्हणाला की झऱ्यापाशी थांबावे लागेल, चालत असेल तर या.

दुसऱ्या दिवशी दसरा होता आणि बाजारही. सराफ मंडळींबरोबर निघाला. खिंडीत तरस उभे होते त्या जागी त्याचा हात कंबरेकडे गेला. कासाराने ते पाहिले, चाल थोडी धीमी केली आणि बांगड्यांच्या भावाविषयी बोलत राहिला. भीतीसकट सराफ खिंड उतरला.

दुपारी तो बहिणीच्या दारात पोचला, तेव्हा मंडळी त्याला सोडायला ओट्यापर्यंत आली होती. इतकी पावले ऐकून तिने कान टवकारले. त्याने तिच्या हातात आपट्याची पाने ठेवली. पाने आणि हात दोन्ही धरून ती बराच वेळ रडली. मग तिने वाढलेले जेवताना त्याने तिला सगळे सांगितले. गुडघा कधीच दुखत नव्हता, हेही सांगितले आणि आता पूर्वीसारखे रात्र पडेपर्यंत बसता येणार नाही, सोबतीबरोबर उन्हातच निघावे लागेल, हे सर्वांत शेवटी सांगितले.

"तू उशिरापर्यंत बसायचास ते फार गोड वाटायचं रे," ती म्हणाली. "पण तू उठलास की तुझी एकट्याची पावलं खिंडीकडे जाताना ऐकत बसायचे. पुढच्या बाजाराला तू पुन्हा दारात येईस्तोवर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

"मग एकदाही बोलली का नाहीस, अक्का?"

"बोलले असते तर तू लवकर गेला असतास."

बाहेर कासाराने हाक मारली. ऊन अजून अंगणात होते. सराफ उठला, पण पाय निघेना. बहिणीनेच त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला दाराकडे वळवले.

"नीघ आता," ती म्हणाली. "आज तू गेल्यावर मी जेवीन."