ठकूआक्का पडली तिथं पाणी

त्या दिवशी माझी म्हैस सुटल्याची हाक कोणी दिली? मी घरोघर जाऊन विचारलं. कोणीच सांगितलं नाही. उलट लोक आता ही गोष्ट ‘फार वर्षांपूर्वी’ म्हणून सांगतात. फार वर्षं कुठली? पण तसं म्हटलं की पुढं कोणाला काही विचारता येत नाही. असू दे. मीही तसंच सांगतो.

फार वर्षांपूर्वी कोरडमाळ नावाच्या गावात ठकूआक्का राहत होती. ती माझी थोरली बहीण. मला जन्म देऊन आई गेली, तेव्हाच आक्काचे केस पिकायला लागले होते. तिनंच मला वाढवलं. म्हातारपणी चालता चालता तिचा पाय मुडपायचा आणि ती पडायची. उठवायला गेलं की हात झटकायची.

“पडले कुठं? बसलेय मी.”

“वाटेच्या मधोमध, आक्का?”

“मी कुठंही बसेन. तू आपलं नाक पूस.”

एका साली गावची विहीर आटली. आक्का कोरड्या ओढ्याच्या काठी पडली आणि उठली तेव्हा तिचं कोपर ओलं होतं. लोकांनी तिथं खणलं, तर पाणी लागलं. मग ती वडाखाली पडली. तिथंही लागलं. आक्का पडते तिथं पाणी असतं, असं म्हणतात, ते तेव्हापासून.

मग सगळं गाव तिच्या पायांकडे बघायला लागलं. बायका दारातून हाक मारायच्या, “आक्का, जरा आमच्या परसातनं जा की!” आणि हसायच्या. मला ते हसणं बरं वाटायचं नाही. आक्काच्याच वाटेवर रोज सकाळी ओलं शेण कसं सांडायचं? मी झाडलेल्या पायवाटेवर गोटे कुठून यायचे? रामोजी पाटलाला विचारलं, तर म्हणाला, “बकऱ्या लोटत असतील.” गावातल्या बकऱ्या केव्हाच विकल्या गेल्या होत्या.

मी आक्काला काठी आणून दिली, ती तिनं चुलीत घातली. हात धरला, तर दिवसभर बोलली नाही. शेवटी मी लंगडायला लागलो.

“काय झालं रे?”

“काटा मोडलाय, आक्का. जरा धर मला.”

तिनं लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला सावरायचं म्हणून ती घट्ट धरायची आणि त्यात तिचाच तोल राहायचा. तिला कळलं होतं का, कोण जाणे. “कसला काटा हा, निघतच नाही?” असं एकदा म्हणाली. खांदा मात्र सोडला नाही.

आक्का पडेना. नवं पाणी लागेना. गाव माझ्याशी बोलेना.

आणि एका सकाळी कुंपणापलीकडून कोणीतरी ओरडलं, “तुझी म्हैस सुटली रे! कड्याकडे गेली!” आक्काला ओट्यावर बसवून मी धावलो. मळ्यातल्या गोठ्यात बघतो, तर म्हैस दाव्याला बांधलेली, निवांत रवंथ करत उभी. परत आलो, तर ओट्यावर आक्का नव्हती. “लंगड्या पायानं पळतंय येडं, पडेल कुठंतरी,” असं म्हणत ती माझ्या मागं कड्याच्या वाटेला निघाली होती, असं म्हणतात. टेकडीच्या उतारावर ती पडली. खडक दुभंगला आणि पाणी पुरुषभर उंच उडालं, असंही म्हणतात. मी पोचलो तेव्हा पाणी वाहत होतं, आक्का गेली होती आणि लोक घागरी घेऊन उभे होते. एवढ्या लवकर घागरी कशा आल्या, हे कोणी म्हणत नाही.

तो आता आक्काचा झरा. म्हातारं माणूस तिथं पाण्याला आलं की बरोबरचं तरणं माणूस लंगडायला लागतं. म्हातारं त्याला सावरायला धरतं आणि दोघं उतार उतरतात. लंगडणं खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. आक्काच्या नावानं तिथं कोणी ते बोलून दाखवत नाही.

त्या दिवशी पाटील म्हणाला होता, पहिली घागर देवाची. मी ती त्याच्या हातातून हिसकावली. आक्काचे गुडघे फुटले होते, जखमांत माती भरली होती. मी ते धुतले, बोटानं खडे काढले आणि तिच्याच पदरानं हळू पुसले. मला कोणी अडवलं नाही. तिनंही नाही.